कार्बन-तारे व त्यांचे तपमान

कार्तिकातील रात्री पहिल्या प्रहराच्या अखेरीस पूर्वा व उत्तरा भाद्रपदा या नक्षत्रांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन माथ्याजवळ आलेला असतो. त्या चौकोनाच्या दक्षिणेस मीन राशीतील मंद ताऱ्यांचे एक लहानसे कडे आहे. कड्याच्या पूर्वेकडील टोकास जो तारा आहे तो पाचव्या प्रतीचा, म्हणजे निरभ्र व अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसणारा. साधी द्विनेत्री दुर्बीण रोखली असता मात्र आजूबाजूच्या पांढुरक्या ताऱ्यांत त्याचा तांबूस नारिंगी वर्ण तत्काळ ओळखू येतो. ताऱ्यांच्या यादीत त्यास १९ मीन असे म्हणतात. त्याचे तेज थोडेफार कमीजास्त होत असल्यामुळे रूपविकारी ताऱ्यांच्या यादीत टीएक्स मीन असे दुसरे नावही त्यास मिळाले आहे. हा तारा किती तापलेला आहे, हा प्रश्न विचारावयास सोपा आहे. त्याचे भरवसा ठेवण्याजोगे उत्तर मिळण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

तापलेल्या वस्तूचा रंग पाहून तिची उष्णता ओळखण्याची विद्या लोहारास पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. भट्टीतील लोखंड प्रथम काळपट तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे व शेवटी पांढरे होते. याच अनुभवास वीन या जर्मन भौतिकीविदाने १८९३ मध्ये गणिताचे रूप दिले. वस्तूचे तपमान केल्व्हिन अंशांत घेतले (या पुस्तिकेतील सर्व तपमाने त्याच अंशांत आहेत) आणि २८९८ या संख्येस त्याने भागले, म्हणजे ती वस्तू ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक देते ती तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मिळते. सूर्याचे तपमान सुमारे ५७७० अंश आहे, म्हणून त्याचा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, हिरव्या रंगाच्या भागात, सर्वांत प्रखर असतो. तीन हजार अंशांच्या ताऱ्याचे शिखर एका मायक्रॉनच्या जवळ, डोळ्यास न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पडते.

हाच नियम १९ मीन ताऱ्याच्या निळ्या व पिवळ्या प्रकाशाच्या प्रमाणास लावला तर त्याचे तपमान सुमारे २२०० अंश निघते. शशक या तारकासमूहातील ‘आर’ हा तारा तर याहूनही लाल आहे. १८४५ मध्ये हिंड या इंग्रज ज्योतिर्विदास तो प्रथम दिसला तेव्हा त्याने त्यास काळ्या पार्श्वभूमीवरील रक्ताच्या थेंबाची उपमा दिली. त्याच्या रंगावरून तपमान काढू गेल्यास उत्तर दीड हजारांच्याही खाली येते. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. १९ मीन या ताऱ्याचे खरे तपमान तीन हजारांच्या आसपास आहे. आठशे अंशांचा फरक कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता तपमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, आणि त्या हिशेबाने ही चूक साडेतीन पटींची होते. ताऱ्याचा आकार, त्याचे द्रव्य, त्याचे वय व त्याचा शेवट यांविषयीचे सर्व अनुमान या एका आकड्यावर उभे असल्यामुळे पायाच चुकला तर पुढील इमारतीस काही अर्थ राहत नाही.

लोहाराची विद्या येथे का फसते, याचे कारण ताऱ्याच्या वर्णपटात सापडते. रोमन कॉलेजाच्या वेधशाळेतील जेझुइट पाद्री अँजेलो सेक्की यांनी शेकडो ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून पाहून त्यांचे वर्ग पाडले. ज्येष्ठेसारख्या तांबूस ताऱ्यांच्या वर्णपटात काळे रुंद पट्ट दिसतात. हा त्यांचा तिसरा वर्ग होय. १८६८ मध्ये त्यांनी चौथा वर्ग जाहीर केला. या वर्गातही पट्ट होते, परंतु उलटे होते. तिसऱ्या वर्गातील पट्टांची धारदार कड जांभळ्या बाजूस असते व ते तांबड्या बाजूस विरळ होत जातात. चौथ्या वर्गात धारदार कड तांबड्या बाजूस, व विरळपणा जांभळ्या बाजूस. हे पट्ट कार्बनयुक्त ज्वालांच्या पट्टांशी जुळतात असेही सेक्की यांच्या ध्यानात आले. श्यामशबल समूहातील अशाच एका ताऱ्याचा वर्णपट त्यांना इतका आवडला की त्यांनी त्याचे नाव ‘ला सुपर्बा’, म्हणजे ‘दिमाखदार’, असे ठेवले.

हे पट्ट पाहावयास वेधशाळेत जाण्याची आवश्यकता नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगडीची ज्योत नीट जळत असता तिच्या मुळाशी निळसर-हिरवा शंकू दिसतो. खोलीत अंधार करून त्या शंकूचा प्रकाश कॉम्पॅक्ट डिस्कच्या चकचकीत बाजूवर तिरपा पाहिला तर अखंड इंद्रधनुष्याऐवजी हिरव्या व निळ्या रंगांचे सुटे पट्ट दिसतात. स्कॉटलंडमधील विल्यम स्वॉन यांनी १८५७ मध्ये त्यांचे काळजीपूर्वक मापन केले, म्हणून त्यांस स्वॉन-पट्ट असे म्हणतात. ते कार्बनचे की कार्बन-हायड्रोजन संयुगांचे, याविषयी अनेक दशके वाद चालला. अखेर दोन कार्बन-अणूंच्या रेणूचे ते आहेत हे ठरले. ज्योतीत हा रेणू प्रकाश देतो. ताऱ्यात तोच रेणू खालून येणाऱ्या अधिक प्रखर प्रकाशातून नेमके तेच रंग गिळतो. म्हणजे शेगडीची ज्योत ज्यामुळे निळी दिसते, बऱ्याच अंशी त्याचमुळे तो तारा लाल दिसतो. त्यास कार्बन-नायट्रोजन रेणूची, तीन कार्बन-अणूंच्या रेणूची आणि सिलिकॉन व कार्बन यांच्या संयुगाची जोड मिळाली की जांभळा व निळा प्रकाश जवळजवळ नाहीसाच होतो. तांबड्या काचेतून पांढरे लोखंड पाहून ते कमी तापले आहे असे म्हणण्यासारखे हे आहे.

आता, सूर्यातही कार्बन आहे व ज्येष्ठेतही आहे. मग तेथे हे पट्ट का दिसत नाहीत? सूर्याचे उत्तर सरळ आहे: तेथील उष्णतेत बहुतेक रेणू टिकत नाहीत. ज्येष्ठेचे उत्तर अधिक मनोरंजक असून अमेरिकन ज्योतिर्विद हेन्री नॉरिस रसेल यांनी १९३४ मध्ये ते रेणूंच्या विघटनाच्या गणिताने मांडले. कार्बन व ऑक्सिजन यांच्या एकेका अणूचा रेणू, कार्बन मोनॉक्साइड, हा निसर्गातील अत्यंत बळकट रेणूंपैकी एक आहे. थंड ताऱ्याच्या वातावरणात कार्बन व ऑक्सिजन परस्परांस गाठतात व जे द्रव्य कमी असेल ते जवळजवळ सर्वच्या सर्व या रेणूत अडकून पडते. उरलेल्या द्रव्याचे राज्य सुरू होते ते त्यानंतर. सूर्यात व सामान्य ताऱ्यांत दर १०० ऑक्सिजन-अणूंमागे सुमारे ५५ कार्बन-अणू असतात. म्हणून सामान्य तारा थंड झाला की ऑक्सिजन उरतो व टिटॅनियम ऑक्साइडाचे पट्ट निर्माण होतात. सेक्की यांच्या तिसऱ्या वर्गातील पट्ट ते हेच, अशी ओळख फाउलर यांनी १९०४ मध्ये पटविली. कार्बन-ताऱ्यात मात्र कार्बन ऑक्सिजनहून अधिक असतो व तोच उरतो.

किती अधिक असतो, हे कळल्यावर आश्चर्य वाटते. १९ मीन ताऱ्यात दर १०० ऑक्सिजन-अणूंमागे कार्बन-अणू सुमारे १०३ आहेत. ला सुपर्बामध्ये सुमारे १०९. जमाखर्च मांडला तर पहिल्यात शिल्लक तीन व दुसऱ्यात नऊ. एकूण कार्बनमध्ये फरक शेकडा सहाचा, परंतु मोकळ्या कार्बनमध्ये तिप्पट! शिलकीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नात थोडी घटबढ झाली की हाती राहणारी रक्कम जशी झपाट्याने बदलते, तसाच हा प्रकार आहे. वर्णपटातील पट्टांची तीव्रता या शिलकीवर अवलंबून असते, आणि तपमानावरही. पट्ट गडद दिसले तर तारा थंड आहे म्हणून, की कार्बनची शिल्लक मोठी आहे म्हणून? वर्णपट एकट्याने हे सांगू शकत नाही. त्यातही भर अशी की उष्णता फार उतरली म्हणजे दोन कार्बन-अणूंचा रेणू वाढण्याऐवजी घटू लागतो, कारण कार्बन आता ॲसिटिलीन व हायड्रोजन सायनाइड यांच्याकडे वळतो. तपमापकातील पारा काही अंशांपर्यंत चढावा व पुढे आपोआप उतरू लागावा, तशी ही अवस्था आहे.

वर्णपटावरून तपमान काढण्याची पद्धत इतर ताऱ्यांच्या बाबतीत फार यशस्वी ठरली होती. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये अणूंच्या आयनीभवनाचे जे सूत्र दिले त्याच्या आधारे हार्वर्ड वेधशाळेने लावलेला ताऱ्यांच्या वर्गांचा क्रम हा तपमानाचा क्रम आहे हे सिद्ध झाले. हार्वर्डच्या वर्गवारीत कार्बन-ताऱ्यांस ‘आर’ व ‘एन’ अशी दोन अक्षरे दिलेली होती. त्यांनाही असाच तपमानाचा क्रम लावावा या हेतूने फिलिप किनन व विल्यम मॉर्गन यांनी १९४१ मध्ये नवी वर्गवारी केली: ‘सी’ हे अक्षर व त्यापुढे शून्यापासून नऊपर्यंत आकडा, आकडा मोठा तितका तारा थंड. सोडियमच्या पिवळ्या रेषांची तीव्रता हा त्यांचा एक मुख्य आधार होता. योजना सुबक होती व ती अनेक वर्षे वापरात राहिली. परंतु अवरक्त प्रकाशाची मापने हाती येऊ लागली तसे दिसून आले की मोठा आकडा असलेले काही तारे लहान आकड्याच्या ताऱ्यांइतकेच, कधी त्यांहून अधिकही, तापलेले आहेत. सोडियमच्या रेषा कार्बनच्या पट्टांच्या गर्दीत सापडल्या होत्या. पन्नासाहून अधिक वर्षांनी, १९९३ मध्ये, किनन यांनीच ही एकच सलग श्रेणी सोडून कार्बन-ताऱ्यांची निरनिराळी कुटुंबे मानणारी सुधारित वर्गवारी प्रसिद्ध केली. स्वतः बांधलेले घर स्वतःच उतरविण्याचे असे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात फारसे आढळत नाहीत.

मग मार्ग कोणता? ज्यात रेणूंची साक्ष काढावी लागत नाही असा एक मार्ग आहे, व तो तत्त्वतः फार सोपा आहे. ताऱ्याकडून पृथ्वीवरील एका चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदास एकंदर किती उष्णता येते ते मोजावे. आकाशात ताऱ्याची तबकडी किती मोठी दिसते तेही मोजावे. या दोहोंवरून ताऱ्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर किती उष्णता देतो हे निघते, आणि स्टेफानच्या चतुर्थ घाताच्या नियमाने त्यावरून तपमान मिळते. यास परिणामी तपमान असे म्हणतात. ताऱ्याचे अंतर ठाऊक नसले तरी चालते, हा या पद्धतीचा विशेष गुण आहे: तारा दूर नेला तर उष्णता व तबकडीचे क्षेत्रफळ दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात.

यांतील पहिले माप त्यामानाने सुलभ आहे, कारण या ताऱ्यांची बहुतेक उष्णता अवरक्त प्रकाशात येते व आपल्या वातावरणातील बाष्प ज्या तरंगलांबींना वाट देते तेथे ती मोजता येते. दुसरे माप अवघड आहे. १९ मीन ताऱ्याचा कोनीय व्यास एका विकलेच्या हजारांश भागांत सांगावयाचा तर सुमारे नऊ आहे. बावीस मिलिमीटर रुंदीचे नाणे बंगळूरला ठेवून ते हैदराबादेहून पाहावे, इतका तो लहान आहे. साध्या दुर्बिणीत अशी तबकडी दिसणे अशक्य.

येथे चंद्र साहाय्यास येतो. क्रांतिवृत्तापासून फार दूर नसलेल्या ताऱ्यांवरून चंद्र अधूनमधून जातो व त्यांना झाकतो. याला पिधान म्हणतात. चंद्रास वातावरण नसल्यामुळे त्याची कड तीक्ष्ण असते. तारा जर बिंदुरूप असता तर तो एका क्षणात विझला असता. तबकडीरूप असल्यास तो विझण्यास थोडा वेळ लागला पाहिजे. चंद्र ताऱ्यांमधून सेकंदाला सुमारे अर्धी विकला सरकतो, म्हणून १९ मीन ताऱ्याची तबकडी झाकली जाण्यास सेकंदाचा साठावा भाग पुरतो. ही युक्ती मॅकमहॉन यांनी १९०९ मध्ये सुचविली. एडिंग्टन यांनी लगेच हरकत घेतली की चंद्राच्या कडेवरून येताना प्रकाशाचे विवर्तन होते व जमिनीवर प्रकाशाच्या व छायेच्या पट्ट्या पडतात. त्यांच्या गोंधळात तबकडीचा परिणाम बुडून जाईल. हरकत बरोबर होती, पण निष्कर्ष बरोबर नव्हता. १९३९ मध्ये व्हिटफोर्ड यांनी माउंट विल्सनच्या मोठ्या दुर्बिणीस प्रकाशविद्युत् घट जोडून या पट्ट्यांची प्रत्यक्ष नोंद केली. बिंदुरूप ताऱ्याच्या पट्ट्या ठळक येतात. तबकडी जितकी मोठी तितक्या त्या पुसट होतात. ज्या विवर्तनामुळे पद्धत निरुपयोगी ठरेल असे वाटले, त्याच विवर्तनाच्या पुसटपणावरून आज व्यास काढला जातो. छाया सेकंदाला अर्धा ते एक किलोमीटर वेगाने दुर्बिणीवरून जाते. निरीक्षकास मिळणारा काळ डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी असतो, आणि नेमक्या त्या वेळी ढग आला तर पुढच्या पिधानाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

१९ मीन या मार्गावर येत असल्यामुळे त्याची अनेक पिधाने नोंदली गेली आहेत. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील ज्योतिर्विदांनीही अवरक्त प्रकाशात त्याच्या पिधानाचा वेध घेऊन १९९७ मध्ये त्याचा कोनीय व्यास प्रसिद्ध केला. अबू पर्वतावरील गुरुशिखर येथे या संस्थेची १.२ मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण असून चंद्रपिधानांचे वेध हा तेथील कार्याचा एक भाग राहिला आहे. निरनिराळ्या वेधांतून व पद्धतींतून आलेले या ताऱ्याचे व्यास मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. ते विकलेच्या सुमारे आठ हजारांशांपासून अकरा हजारांशांपर्यंत विखुरलेले आहेत. व्यासातील चुकीचा तपमानावर होणारा परिणाम सौम्य असतो, शेकडा दहाच्या चुकीने तपमान शेकडा पाचनेच ढळते. तरीही आठ व अकरा यांच्यातील फरकाने तपमानात सुमारे पाचशे अंशांचे अंतर पडते. हा फरक निरीक्षकांच्या निष्काळजीपणाचा नाही. त्याकडे पुढे वळू.

चंद्राच्या मार्गात न येणाऱ्या ताऱ्यांसाठी व्यतिकरणमापक वापरतात. दूर अंतरावर ठेवलेल्या दोन दुर्बिणींतील प्रकाश एकत्र आणून त्याच्या व्यतिकरणावरून तबकडीचा आकार ठरविण्याचे हे साधन आहे. ॲरिझोनातील माउंट हॉपकिन्स येथील अशा यंत्राने डिक, व्हॅन बेल व बेन्सन यांनी १९९६ मध्ये पंधरा कार्बन-ताऱ्यांचे व्यास प्रसिद्ध केले व पूर्वीची मापने त्यांत मिळविली. दीर्घ आवर्तनाने तेज बदलणारे तारे वगळता बाकीच्यांचे सरासरी तपमान ३००० अंश आले, आणि वर्णपटाच्या वर्गाचा त्याच्याशी काहीही संबंध दिसला नाही. जुन्या वर्गवारीवरील हा अखेरचा निकाल म्हणावयास हरकत नाही. पुढे, २०१३ मध्ये, पालोमार येथील यंत्राने ४१ कार्बन-ताऱ्यांची मापने जाहीर झाली. त्यांत काही ताऱ्यांच्या तबकड्या पूर्ण वाटोळ्या नसल्याचेही आढळले.

व्यास मुळीच न मोजता तपमान काढण्याची एक युक्ती आहे व ती मला स्वतःला सर्वांत देखणी वाटते. ब्लॅकवेल व शॅलिस यांनी ती १९७७ मध्ये मांडली. ताऱ्याची एकंदर उष्णता तपमानाच्या चौथ्या घाताने वाढते. परंतु वर्णपटाच्या शिखरापासून दूर, लांब तरंगलांबीच्या अवरक्त टोकास, एखाद्या ठरावीक तरंगलांबीची उष्णता जवळजवळ तपमानाच्या पहिल्याच घाताने वाढते. तबकडीचा आकार दोन्हींत सारखाच येतो. म्हणून पहिलीस दुसरीने भागले की आकार छेदून जातो व तपमानाचा घन तेवढा उरतो. अवरक्तातील ती एक तरंगलांबी मात्र रेणूंच्या पट्टांपासून मोकळी निवडावी लागते. टोकियो येथे योशिओ फुजिता यांनी थंड ताऱ्यांच्या वर्णपटांच्या अभ्यासाची परंपरा घातली होती. त्याच परंपरेतील ताकाशी त्सुजी यांनी १९८१ मध्ये ही युक्ती कार्बन-ताऱ्यांस लावली व बहुतेकांची तपमाने सुमारे २४०० ते ३२०० अंशांच्या दरम्यान मिळविली.

तपमान हाती आले तेव्हा बाकीची कुलपे उघडू लागली. पट्टांच्या तीव्रतेत तपमानाचा वाटा किती हे ठाऊक झाल्यामुळे उरलेला वाटा कार्बनचा, असे आता म्हणता येते. १९८६ मध्ये लॅम्बर्ट व त्यांचे सहकारी यांनी तीस कार्बन-ताऱ्यांतील कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण काढले. वर दिलेले १०३ व १०९ हे आकडे त्यांतूनच आलेले आहेत. आकारही मिळाला: १९ मीन सुमारे नऊशे प्रकाशवर्षे दूर आहे, आणि नऊ हजारांश विकलांच्या व्यासावरून त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे २६५ पट निघते. सूर्याच्या जागी तो ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात जाईल. त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर सूर्याच्या मानाने चौदांश उष्णताच देतो; तरीही पृष्ठभाग एवढा विस्तीर्ण की एकंदर तेज सूर्याच्या पाच हजार पट भरते.

हा कार्बन आला कोठून, याचा पुरावा १९५६ मध्ये पॉल मेरिल यांनी याच ताऱ्यात शोधला. त्याच्या वर्णपटात त्यांना टेक्नेशियम या मूलद्रव्याच्या रेषा आढळल्या. ताऱ्यांच्या अंतरंगात तयार होणारे टेक्नेशियम सुमारे दोन लाख वर्षांत निम्मे नष्ट होते. ताऱ्याचे वय त्याच्या हजारो पट असते. अर्थात ते त्याच ताऱ्यात, ज्योतिषशास्त्राच्या मापाने अलीकडेच, तयार झाले असले पाहिजे व गाभ्याजवळून पृष्ठभागावर उसळून आले असले पाहिजे. हेलियमच्या तीन अणुगर्भांपासून खोल भागात बनणारा कार्बनही त्याच उसळीबरोबर वर येतो. सर्वच कार्बन-ताऱ्यांची कथा अशी सरळ नाही. कार्बनचा जड समस्थानिक, कार्बन-१३, प्रयोगशाळेत १९२९ मध्ये किंग व बर्ज यांनी स्वॉन-पट्टांच्याच साह्याने शोधला. ४७३७ अँगस्ट्रॉमच्या पट्टाशेजारी ४७४४ येथे त्याचा क्षीण सोबती असतो. काही ताऱ्यांत हा सोबती क्षीण नसतो. सूर्यमालेत कार्बन-१२ चे अणू कार्बन-१३ च्या सुमारे ८९ पट, १९ मीन ताऱ्यात ४३ पट, आणि ला सुपर्बामध्ये अवघे साडेतीन पट आहेत. ला सुपर्बा व त्याची भावंडे या स्थितीस कशी पोहोचली, याचा सर्वमान्य उलगडा झालेला नाही.

तपमानाचा संबंध ताऱ्याच्या आयुष्याशीही येतो. पादुआ येथील पाओला मारिगो यांनी २००२ मध्ये गणिताने दाखविले की कार्बनने ऑक्सिजनवर मात करताच वातावरणातील नवे रेणू उष्णतेची वाट अडवितात, तारा फुगतो व त्याचे तपमान झपाट्याने उतरते. थंड वातावरणात काजळीचे व सिलिकॉन कार्बाइडाचे कण बनतात, प्रकाशाचा दाब त्यांना बाहेर ढकलतो व ते आपल्याबरोबर वायूही ओढून नेतात. म्हणजे कार्बन वर आणणारा तारा त्याच कार्बनमुळे आपले बाह्य आवरण लवकर गमावतो. या क्रियेची पुढची पायरी सिंह राशीत, मघेच्या पश्चिमेस आहे. १९६९ मध्ये वर्णिलेली ही वस्तू मोठ्या दुर्बिणीतही क्षीण दिसते, परंतु पाच मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात सूर्यमालेबाहेरील आकाशात तिच्याइतके तेजस्वी काहीही नाही. तिचे जे तपमान प्रथम निघाले ते सुमारे ६५० अंश. तारा आत दडलेला असून ते तपमान त्याच्याभोवतीच्या धुळीच्या आवरणाचे होते. अशा धुळीचे कण आपल्या हातीही आले आहेत. १९६९ मध्येच ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत सिलिकॉन कार्बाइडाचे सूक्ष्म कण सापडले, १९८७ मध्ये त्यांची ओळख पटली, आणि त्यांच्यातील समस्थानिकांच्या प्रमाणांवरून त्यांपैकी बहुतेक कण सूर्याच्या जन्मापूर्वीच्या कार्बन-ताऱ्यांतून आले असे दिसते.

राहिला प्रश्न न जुळणाऱ्या व्यासांचा. सूर्यास जशी स्पष्ट कड आहे तशी या ताऱ्यांना नाही. त्यांचे वातावरण विरळ व अतिशय जाड असून रेणू ज्या तरंगलांबीत प्रकाश अधिक गिळतात त्या तरंगलांबीत आपली दृष्टी वरच्या थरावरच थांबते. तबकडी मोठी व थंड भासते. मोकळ्या तरंगलांबीत ती लहान व उष्ण असते. तारा कमीजास्त फुगतो, त्यामुळे वेधाची तारीखही महत्त्वाची ठरते. कोणता पृष्ठभाग धरून व्यास सांगितला आहे हे ठाऊक नसेल तर तपमानाचा आकडा अपुरा राहतो.

या पृष्ठभागाचे थेट चित्रही आता मिळाले आहे. दक्षिणेकडील शिल्पकार समूहातील ‘आर’ या कार्बन-ताऱ्याकडे चिलीमधील पारानाल येथील व्यतिकरणमापक रोखून विटकोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याच्या तबकडीची प्रतिमा प्रसिद्ध केली. व्यास विकलेच्या ८.९ हजारांश, त्रिज्या सूर्याच्या सुमारे ३५५ पट, परिणामी तपमान २६४० अंश, त्यात ८० अंशांची मागेपुढे सूट. परंतु तबकडी सर्वत्र सारखी उजळ नाही. तिच्या पश्चिम भागात एक मोठा तेजस्वी डाग आहे व बाकीच्या भागात उजेड-काळोखाची उंचसखल मांडणी. खालून वर उसळणाऱ्या तप्त वायूच्या प्रचंड प्रवाहांशी या मांडणीचा संबंध जोडला जातो. २६४० अंश हे या साऱ्या भागांतून मिळून निघणाऱ्या उष्णतेचे तपमान आहे. डागाच्या जागी ते याहून अधिक आणि काळोख्या जागी याहून कमी आहे.